निवडणूक झाली म्हणून नागपुरात घर स्वस्त होईल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. नवरा-बायको दोघंही नोकरीत, एकाची नोकरी मिहानमध्ये (विमानतळाला लागून असलेल्या उद्योग प्रकल्पात), बजेट पन्नास लाखांच्या आसपास. बेसा रोडवर दोन बेडरूमचा फ्लॅट पसंत पडलाय. पण हिंगण्याकडचा एक दलाल मागे लागलाय, की नवीन नागपूर जाहीर झालंय, फ्लॅटच्या भानगडीत पडू नका, प्लॉट घेऊन टाका. आणि घरातले मोठे म्हणतात, महापालिकेची निवडणूक जानेवारीत आटोपली, आता बाजार थंड होईल, भाव उतरतील, सहा महिने थांबा.

मी बँकांसाठी घरांचं आणि प्लॉटचं मूल्यांकन करतो. कर्जाची फाइल बँकेत गेली की जागा पाहायला येतो आणि 'याची किंमत एवढी' असं लिहून सही करतो तो माणूस. त्यामुळे दलालाने सांगितलेला भाव, करारात लिहिलेला भाव आणि आजूबाजूला खरोखर झालेल्या व्यवहारांचा भाव, हे तिन्ही माझ्या टेबलावर एकत्र येतात. त्यावरून सांगतो. निवडणुकीने फ्लॅटचा भाव उतरत नाही, फक्त व्यवहार मागेपुढे होतात. प्लॉटचा भाव निवडणुकीने हलतो, पण बहुतेक वेळा तोंडी हलतो, कागदावर नाही. मोठ्यांचा सल्ला आणि दलालाचा सल्ला दोन्ही एकाच तराजूत घालू नका, हे दोन वेगळे बाजार आहेत.

आधी फ्लॅटचं पाहू. नागपुरात फ्लॅट घेणारा माणूस सहसा राहायलाच घेतो. रेल्वे, वेकोलि ही सरकारी कोळसा कंपनी, वीज कंपन्या, शाळा-कॉलेज, दवाखाने, अलीकडे मिहानमधल्या आयटी कंपन्या. पगार ठरलेला, कर्ज पगारावर ठरलेलं, मुलांची शाळा ठरलेली. असा माणूस सरकार कोणाचं येतं यावर घर घ्यायचं की नाही हे ठरवत नाही, फार तर निकाल लागेपर्यंत थांबतो. समोर विकणारा बिल्डर. त्याने जमीन घेतलेली असते, तिच्यावर व्याज चालू असतं, पण तरीही तो फुटाचा दर शक्यतो खाली आणत नाही. कारण एकदा कागदावर दर उतरला की आधी घेतलेले वीस जण दारात येऊन उभे राहतात, आणि पुढच्या स्कीमचा दरही तिथूनच मोजला जातो. म्हणून तो दर तसाच ठेवतो आणि बाकी सगळं सोडतो: पार्किंग, ट्रॉल्या बसवलेलं स्वयंपाकघर, रजिस्ट्रीच्या खर्चातला वाटा, पहिल्या दोन वर्षांचा मेंटेनन्स. निवडणुकीच्या काळात गिऱ्हाईक कमी झालं की ही सोडण्याची जागा वाढते. तुम्हाला जी संधी आहे ती इथे आहे. 'भाव पडले' अशी बातमी यायची वाट पाहत बसलात तर ती येणारच नाही.

आणि निवडणुकीच्या नावावर खपवली जाणारी बरीचशी मंदी मुळात पंचांगाची असते. विधानसभेची गेली तीन मतदानं बघा: १५ ऑक्टोबर २०१४, २१ ऑक्टोबर २०१९, २० नोव्हेंबर २०२४. म्हणजे आचारसंहिता दरवेळी पितृपक्ष, दसरा, दिवाळी यांच्या अवतीभवती. पितृपक्षात रजिस्ट्री ऑफिसात जेवढी सामसूम असते तेवढी मी कुठल्याही आचारसंहितेत पाहिलेली नाही. दसऱ्याच्या सुमारास तिथेच पाय ठेवायला जागा मिळत नाही, मग मतदान महिन्यावर असलं तरी.

आचारसंहितेचा खरा चटका बसतो तो रोकड्याला. त्या काळात पन्नास हजारांच्या वर रोकड घेऊन फिरलात तर भरारी पथकाला हिशेब द्यावा लागतो. शहराच्या कडेचे प्लॉटचे व्यवहार त्यामुळे ठप्प होतात, आणि ते ठप्प झाले की लोक म्हणतात, 'बाजार बसला.' बाजार बसलेला नसतो, नोटांची पिशवी घरी बसलेली असते. तसंही १ जून २०१५ पासून घर-जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, आणि पकडलं तर घेतली तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला आहे. कोणी 'थोडं कॅशमध्ये करू' म्हणालं तर त्याला हे ऐकवा.

आता सरकार निवडणूक पाहून जी गोष्ट हमखास करतं ती सांगतो. रेडी रेकनर. म्हणजे मुद्रांक शुल्क मोजण्यासाठी सरकारने ठरवलेला भागाभागाचा दर, जो साधारणपणे दर १ एप्रिलला नवीन होतो. २०१८-१९ आणि २०१९-२० या दोन्ही वर्षांत हे दर वाढवले नाहीत. २०१९ हे लोकसभा आणि विधानसभा दोन्हींचं वर्ष. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये सरासरी १.७४ टक्के वाढले, २०२२-२३ मध्ये जवळपास पाच टक्के. मग २०२३-२४ आणि २०२४-२५ पुन्हा जैसे थे, आणि २०२४ मध्ये पुन्हा दोन्ही निवडणुका. नोव्हेंबरात विधानसभेचा निकाल लागला आणि पुढच्याच १ एप्रिलला, २०२५ मध्ये, दर वाढले. मतदानाआधी ही वाढ कोणाला नको असते. निकालानंतर तिजोरी भरायची असते, आणि मुद्रांक व नोंदणी हे राज्याच्या कमाईचं मोठं खातं आहे. जुलै २०२४ पासून दरमहा पंधराशे रुपयांची योजना चालवायची तर पैसा कुठून तरी यायलाच हवा.

'एवढं काय त्यात, शुल्कात दोन-चार हजारांचा फरक,' असं वाटेल. पण रेडी रेकनर घराच्या किमतीत तीन दारांनी शिरतो. पहिलं दार सगळ्यांना माहीत आहे. करारातली किंमत आणि रेकनरची किंमत यातली जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क. दुसरं दार बिल्डरच्या बाजूचं. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, जी डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली, जादा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी, विकत घ्यायचा तर त्याचा प्रीमियम रेकनरच्या जमीनदराच्या टक्केवारीत भरावा लागतो. म्हणजे रेकनर वाढला की नव्या स्कीमचा खर्च वाढतो, आणि तो दीड-दोन वर्षांनी तुमच्या फुटाच्या दरात दिसतो. तिसरं दार आयकराचं. रेकनरची किंमत तुमच्या खऱ्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघाली तर विकणाऱ्याचा भांडवली नफा रेकनरच्या किमतीवर धरला जातो, आणि घेणाऱ्यालाही तो फरक उत्पन्न म्हणून दाखवावा लागतो. मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या पण आतून बोळ असलेल्या जुन्या वस्त्यांत हे होतं: रेकनर रस्त्याकडे पाहून दर लावतो, गिऱ्हाईक बोळाकडे पाहून.

म्हणून निवडणुकीनंतर थांबून पहिली गाठ पडते ती १ एप्रिलशी. ते टाळायचं तर ३१ मार्चच्या रांगेत जीव काढायची गरज नाही. दस्तावर सह्या झाल्या आणि मुद्रांक भरला की नोंदणीसाठी कायद्याने चार महिने मिळतात. लोकांना हे माहीत नसतं आणि ते रात्री उशिरापर्यंत सर्व्हर सुरू व्हायची वाट पाहत बसतात.

धोरणाचा धक्का किती आणि कसा बसतो ते पाहायचं असेल तर २०२० आठवा. करोनाच्या काळात राज्याने मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणलं, १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर. जानेवारी ते मार्च २०२१ तीन टक्के. पंचेचाळीस लाखांच्या फ्लॅटमागे सव्वा लाखाहून जास्त वाचत होते. जे पुढच्या दिवाळीत घेणार होते त्यांनी त्या डिसेंबरातच घेऊन टाकलं. एप्रिल २०२१ नंतर सवलत संपली आणि गिऱ्हाईकही ओसरलं. त्यात एक गंमत होती: त्या सात महिन्यांत बिल्डर वाटाघाटीला बसायलाच तयार नव्हते. 'सरकारने दिलंय ना,' एवढंच उत्तर. म्हणजे सवलतीचा काही भाग सरकारच्या खिशातून निघून तुमच्या नव्हे, त्यांच्या खिशात गेला. पुढे एप्रिल २०२२ पासून मेट्रोचा एक टक्का अधिभारही मुंबई-पुण्यासारखा नागपुरात परत सुरू झाला. मेट्रोत तुम्ही बसा न बसा, रजिस्ट्री करताना तिकीट काढावंच लागतं. बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर मात्र शुल्कात एक टक्का सूट आहे. तुम्ही दोघं कमावते आहात, कर्जात दोघांना सहकर्जदार करून मालकी फक्त तिच्या नावावर ठेवायला तुमची बँक तयार आहे का हे आधी विचारून घ्या.

निवडणुकीच्या तोंडावर घेतलेला आणि तुमच्या फ्लॅटला थेट लागू पडणारा एक निर्णय म्हणजे जीएसटीचा. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी जीएसटी परिषदेने बांधकाम चालू असलेल्या घरांवरचा कर खाली आणला, १० मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, १ एप्रिलपासून दर लागू. परवडणाऱ्या घराला एक टक्का, बाकीच्यांना पाच. नागपूर या कायद्यात महानगर नाही, त्यामुळे इथे परवडणारं घर म्हणजे चटईक्षेत्र (कार्पेट एरिया) ९० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण ९६८ चौरस फूट, आणि किंमत ४५ लाखांपर्यंत. दोन बेडरूमचा फ्लॅट क्षेत्रफळात आरामात बसतो, अडतो तो किमतीत. ४५ लाखांच्या फ्लॅटवर जीएसटी ४५ हजार. ४६ लाखांच्या फ्लॅटवर २ लाख ३० हजार. एक लाख जास्त मोजले म्हणून कर पावणेदोन लाखांहून जास्त वाढला. बिल्डर कोटेशनमध्ये पार्किंग, क्लब, वीज मीटर असं वेगवेगळं लिहून मूळ किंमत ४४ लाख ९० हजार दाखवत असेल तर सावध राहा. पार्किंग आणि सामाईक सोयींचे पैसे त्या ४५ लाखांत धरले जातात. पुढे विभागाने नोटीस काढली तर बिल्डर तो फरक तुमच्याकडेच मागेल, करारात तसं कलम बहुधा असतंच. आणि वापर परवाना मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी नाहीच. तुमच्या बजेटमध्ये बेसा-बेलतरोडीकडे तयार फ्लॅट मिळत असेल तर हे गणित नक्की करा.

सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. घरावरच्या करात बिल्डरला आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नसल्यामुळे ही कपात थेट त्याच्या खर्चात उतरते. तुमच्या दरात उतरते का? मागून पाहायला काय जातं.

पण फ्लॅटच्या बाजाराला सगळ्यांत जास्त हलवतं ते व्याज, आणि ते दिल्लीहून किंवा मुंबईच्या मंत्रालयातून ठरत नाही. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, मे २०२२ पर्यंत चार टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला आणि तिथेच दोन वर्षं थांबला. मध्ये २०२४ ची लोकसभा झाली, विधानसभा झाली, तो जागचा हलला नाही. उतरायला लागला तो फेब्रुवारी २०२५ पासून, आणि डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर आला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेली आहेत. त्यामुळे ही घट आता पूर्वीसारखी वर्ष वर्ष अडकून राहत नाही.

याचा हिशेब करू. ३५ लाखांचं कर्ज, २० वर्षं. नऊ टक्क्यांनी हप्ता साधारण ३१,५०० रुपये. आठ टक्क्यांनी साधारण २९,३००. महिन्याला बावीसशेचा फरक. उलट बाजूने पाहा: जो माणूस ३१,५०० भरू शकतो त्याला आठ टक्क्यांनी साडेसदतीस लाखांहून थोडं जास्त कर्ज मिळतं, म्हणजे अडीच लाख अधिक. आता हे अडीच लाख फक्त तुम्हाला मिळत नाहीत, तुमच्यासारख्या प्रत्येकाला मिळतात, आणि बिल्डरला ते बरोबर माहीत असतं. म्हणून व्याज उतरू लागलं की घराचा दर थोड्या अवधीने वर सरकतो. 'व्याज अजून उतरू दे, मग घेऊ' म्हणणारा माणूस हप्त्यात जे वाचवतो ते किमतीत घालवतो. कर्ज पुढे दुसऱ्या बँकेत कमी व्याजावर नेता येतं, जास्त दिलेली किंमत परत आणता येत नाही. व्याज उतरत असताना थांबण्यापेक्षा घेण्याच्या बाजूने मी असतो ते एवढ्याचसाठी.

पगाराचंही तसंच. राज्य कर्मचाऱ्यांना सातवा वेतन आयोग जानेवारी २०१९ पासून लागू झाला, निवडणुकीच्या वर्षाच्या सुरुवातीला. नागपूर सरकारी पगारावर चालणारं शहर, त्यामुळे असल्या निर्णयाची धग फ्लॅटच्या बाजाराला कुठल्याही सभेपेक्षा जास्त लागते. केंद्राच्या आठव्या आयोगाचं काम सुरू झालेलं आहे. आयकराचं मात्र उलटं झालं आहे: बारा लाखांपर्यंत करमुक्ती देणारी नवीन करप्रणाली घेतली तर स्वतःच्या राहत्या घराच्या कर्जव्याजाची दोन लाखांची वजावट मिळत नाही. 'कर वाचवायला घर घ्या' हा जुना सल्ला तुमच्या पगारात बसतो का, ते सीएकडून एकदा तपासून घ्या.

आता प्लॉट. इथे निवडणूक खरोखर बोलते.

नागपुरात घोषणेवर प्लॉट विकायची परंपरा जुनी आहे. मिहानची चर्चा सुरू झाली तेव्हा वर्धा रोडने खापरी, जामठ्यापर्यंत शेतं फुटांत विकली गेली. मिहान झालं, आयटी कंपन्या आल्या, एम्स आलं, आयआयएम आलं. पण जे दोन-चार वर्षांत होणार म्हणून लोकांनी पैसे ओतले होते त्याला पंधरा-वीस वर्षं लागली. ज्याने आधी घेतला आणि थांबला त्याचं भलं झालं, ज्याने शिखरावर कर्ज काढून घेतला तो व्याजात गेला. मेट्रोचं पाहा. भूमिपूजन ऑगस्ट २०१४, विधानसभेच्या दोन महिने आधी. पहिली गाडी धावायला लागली मार्च २०१९ मध्ये, आचारसंहितेच्या दोन-तीन दिवस आधी. पहिल्या टप्प्याच्या सगळ्या मार्गिका पूर्ण झाल्या डिसेंबर २०२२ मध्ये, समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग खुला झाला त्याच दिवशी. आठ वर्षं. दुसरा टप्पा, जो बुटीबोरी, कन्हान, हिंगणा आणि कापसीकडे जाणार आहे, त्याला केंद्राची मंजुरी डिसेंबर २०२२ ची. तुम्हाला जाहिरातीत 'मेट्रो स्टेशन पाच मिनिटं' लिहिलेलं दिसेल तेव्हा ही वर्षं डोळ्यांसमोर ठेवा.

तरीही निवडणुकीच्या तोंडावरचा प्रत्येक निर्णय हवेतला असतो असं मी म्हणणार नाही. माझी कसोटी साधी आहे: त्या निर्णयाने तुमच्या मालकीचा कागद बदलतो का? २०२४ मध्ये सरकारने नागपूर आणि अमरावती विभागांतल्या नझूलच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या, निवासी भाडेपट्ट्याच्या जमिनी बाजारमूल्याच्या दोन टक्के भरून मालकी हक्काच्या करून घ्यायची अभय योजना आणली. तेही निवडणुकीचंच वर्ष. पण ज्याने पैसे भरून आखीव पत्रिकेवर, म्हणजे शहरातल्या जागेच्या सरकारी उताऱ्यावर, नोंद बदलून घेतली, त्याच्या जागेची किंमत माझ्या अहवालात त्याच दिवशी वाढली, कारण भाडेपट्ट्याच्या जागेवर कर्ज द्यायला बँका नाक मुरडतात आणि मालकीच्या जागेवर देतात. गुंठेवारीचंही, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटचंही, तसंच. २००१ च्या कायद्यातली मुदत २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या ले-आउटना नियमित व्हायची वाट मोकळी झाली. नागपूरकरांना '५७२' आणि '१९०० ले-आउट' हे अनधिकृत ले-आउटच्या याद्यांचे आकडे पाढ्यासारखे पाठ आहेत. कित्येक घरांत आजोबांनी सोसायटीकडून घेतलेल्या प्लॉटची डिमांड नोट, म्हणजे नियमित करायच्या शुल्काची मागणी, नातवाने भरली. ज्याच्या हातात आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, आहे त्याचा प्लॉट आणि ज्याच्या हातात 'आरएल मिळणारच आहे' हे आश्वासन आहे त्याचा प्लॉट, मध्ये फक्त कुंपणाची भिंत असली तरी दोघांची किंमत एक नाही.

आणि आश्वासनं फिरतात. नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे आपली नासुप्र, १९३६ पासूनची संस्था. ती बरखास्त करून सगळं महापालिकेकडे द्यायचा निर्णय २०१९ च्या विधानसभेआधी पुढे रेटला गेला. सरकार बदललं आणि नव्या सरकारने तो फिरवला. मधल्या काळात कोणती फाइल कुठल्या टेबलावर आहे हे टेबलावरच्या माणसालाही सांगता येत नव्हतं. नकाशा मंजुरी अडकली की बँकेचं कर्ज अडकतं, कर्ज अडकलं की व्यवहार मोडतो. सरकार बदलण्याचा धोका म्हणायचा तर तो हा: भाव पडण्याचा नाही, फाइल लटकण्याचा. मार्च २०२२ पासून महापालिकेत नगरसेवकच नव्हते, सगळं प्रशासकाच्या सहीने चाललं. आता निवडून आलेली सभा आहे, त्यामुळे वस्तीतल्या रस्त्या-नालीचे प्रस्ताव पुन्हा प्रभागनिहाय मांडले जातील. फ्लॅटच्या किमतीला त्याने फरक पडत नाही, कडेच्या ले-आउटमधल्या प्लॉटला थोडा पडू शकतो.

तुमच्या दलालाच्या नवीन नागपूरकडे येऊ. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने हिंगणा तालुक्यातल्या मौजा गोधनी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) इथल्या सुमारे ६९२ हेक्टरवर आंतरराष्ट्रीय व्यापार आणि वित्त केंद्र उभारायला मंजुरी दिली. काम एनएमआरडीएकडे, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. हे खरं आहे. पण याचा अर्थ दलाल सांगत नाही तो असा, की त्या ६९२ हेक्टरांत प्लॉट घेतलात तर तो संपादनात जाणार. आणि बाहेर घेतलात तर तो शेजारी आहे, एवढंच. शेजार किती वर्षांनी कामाला येतो ते मिहानने दाखवलेलं आहे. दलालाकडून खसरा नंबर, मौजा आणि पटवारी हलका नंबर लिहून घ्या. तोंडी 'रिंग रोडला लागून' चालणार नाही.

असा प्लॉट माझ्याकडे मूल्यांकनाला आला की मी काय पाहतो ते सांगतो. जागेवर गेल्यावर आधी कमान दिसते, ताजा रंग, कमानीवर झेंडे. आत मुरमाचा रस्ता, चुना मारलेले दगड, सिमेंटचे विजेचे खांब. मी खांबावर तार आहे का ते पाहतो, बऱ्याचदा नसते. नाली असेल तर ती कुठे जाऊन मिळते ते पाहतो. बऱ्याचदा शेजारच्या शेतात. मग कागद. समजा दलालाचा भाव फुटाला साडेतीन हजार आहे. मी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच मौज्यातली गेल्या वर्षभराची विक्रीपत्रं शोधतो, सूची क्रमांक दोन म्हणजे इंडेक्स टू उघडतो. ते कोणालाही घरबसल्या पाहता येतं, तुम्हीही पाहा. तिथे दिसतं की एनए (अकृषक) आणि मंजूर नकाशा असलेल्या प्लॉटचे दस्त दोन हजारांच्या आसपास झालेत, नसलेल्यांचे त्याहून खाली, आणि साडेतीन हजाराचा एकही नाही. दलालाचं उत्तर ठरलेलं असतं: 'साहेब, दस्तात कमी दाखवतात.' काही जण दाखवतातही. पण बँक मला दस्तावरूनच विचारते, आणि उद्या तुम्ही विकायला निघालात तर पुढचं गिऱ्हाईकही कर्जावरच येणार. साडेतीन हजार मोजून दोन हजारांचं मूल्यांकन मिळालं की मधला सगळा पैसा तुमच्या खिशातला. त्यात बँका मोकळ्या प्लॉटला किमतीचा कमी हिस्सा देतात आणि काही वर्षांत बांधायची अट घालतात. आणि एनएमआरडीएची मंजुरी नसलेला ले-आउट असेल तर फाइल माझ्यापर्यंत येतच नाही, वकिलाकडेच थांबते.

तुमच्या जागी मी असतो तर भाड्याच्या घरात राहून, फ्लॅट सोडून, उसन्या पैशावर हिंगण्याचा प्लॉट घेतला नसता. आधी राहतं घर. बेसा रोडचा फ्लॅट ४५ लाखांच्या आत सगळं धरून बसतो का ते पाहा, बसत नसेल तर तयार फ्लॅट शोधा किंवा रिसेलचा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताबा द्यायची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे ते बघा. जाहिरातीतली तारीख सोडून द्या. निवडणुकीच्या मंदीतून बाजार अजून उठतोय तोवर बिल्डरशी बसा, दर उतरवा म्हणू नका, पार्किंग आणि रजिस्ट्रीचा खर्च मागा. प्लॉटची हौस असेल तर तीन-चार वर्षांनी, हप्ता अंगवळणी पडल्यावर, आरएल किंवा मंजूर नकाशा हातात असलेला, आणि निवडणूक नसलेल्या वर्षात बघा. तेव्हा कमानीवर झेंडे नसतात आणि दलालही जरा खरं बोलतो.

बयाणा देताना दोन ओळी लिहून घ्या. एक, बँकेने कर्ज नाकारलं किंवा मूल्यांकन कमी आल्यामुळे ठरल्यापेक्षा कमी कर्ज दिलं तर दिलेली सगळी रक्कम इतक्या दिवसांत परत. दोन, सह्या होईपर्यंत मुद्रांक शुल्क, रेडी रेकनर किंवा जीएसटी बदलला तर वाढीव बोजा कोणाचा. बिल्डर म्हणेल, आमचा छापील फॉर्म आहे, त्यात काही लिहीत नाही. मग चेक देऊ नका. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम तो रेरा कायद्याने घेऊच शकत नाही, त्यामुळे घाई त्याला आहे, तुम्हाला नाही.